चौदा नंबरचं वजन

पारनेर
१२ नोव्हेंबर २०२४

सुमनताई,
जयभीम.

अक्षरावरून पत्र कोणाचं ते ओळखलं असेलच. फाडायचं असेल तर फाडा, पण वाचून फाडा, कारण यात तुमची हकीकत आहे. फोन तुम्ही उचलत नाही. सावेडीचा पत्ता तुमच्या मावसभावाकडून घेतला. त्याला रागावू नका, मी दोन वेळा चहा पाजला तेव्हा कुठं त्यानं दिला.

मला रिटायर होऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात आपल्या संशोधन केंद्रावरून बोलावणं आलं. तिथं नव्या मॅडम आल्यात, डॉ. मोनिका. वय असेल बत्तीस-तेहतीस. स्कूटीवर येतात, पायात गमबूट. मी गेलो तर टेबलावर आपली पंधरा वर्षांची रजिस्टरं मांडलेली. रब्बी ज्वारीची, पेरणीच्या तारखांच्या प्रयोगाची. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण आकडे शाबूत.

मॅडम म्हणाल्या, "काका, यात दोन अक्षरं आहेत. एक घाईतलं, वाचताच येत नाही. एक ठसठशीत. ठसठशीत कोणाचं?"

घाईतलं माझं. मी म्हणालो, "ते सुमनबाईंचं. सातवी शिकलेल्या. इथं रोजंदारीवर होत्या."

"आणि दर आठवड्याला पानं त्यांनी मोजलीत? पंधरा वर्षं? एकही आठवडा न चुकता?"

"व्हय. त्यांची मुलगी वृषाली झाली तो एक आठवडा सोडला तर."

मॅडमनी रजिस्टर चाळलं आणि तो कोरा आठवडा शोधून काढला. मग माझ्याकडे बघून हसल्या. ताई, मला असं छाती फुगल्यासारखं वाटलं, जणू ते अक्षर माझंच होतं.

आता ही रजिस्टरं कशाला काढली ते सांगतो. मॅडम कॉम्प्युटरमध्ये ज्वारी वाढवतात. हसू नका, मीही हसलो होतो. त्याला ते पीक-मॉडेल म्हणतात. त्याला सांगायचं, जमीन अशी आहे, पेरणी या तारखेला केली, रोज ऊन इतकं, थंडी इतकी, पाऊस इतका. मग ते हिशेब करतं, आज पान किती वाढलं, मुळानं किती ओल ओढली, कणसाची पोटरी कधी धरली, दाणा किती भरला. आपल्याला जो हंगाम काढायला साडेचार महिने लागतात, तो त्याचा डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतो.

मी विचारलं, "मग आम्ही उन्हात पंधरा वर्षं कशाला राबलो?"

मॅडम म्हणाल्या, "काका, त्याला ज्वारी म्हणजे काय तेच माहीत नसतं. कोणीतरी शिकवावं लागतं. तुम्ही एका जागी पंधरा वर्षं पेरलं. तालुक्यात जमिनी शंभर तऱ्हेच्या, पाऊस दर वर्षी वेगळा. प्रत्येक ठिकाणी असा प्रयोग लावायचा तर सात जन्म पुरणार नाहीत. म्हणून तुमच्या एका जागेवरून याला ज्वारी शिकवायची, आणि मग याला शंभर ठिकाणी पेरायला लावायचं."

तर महिनाभर मी वाचत होतो आणि मॅडम भरत होत्या. दहा वर्षं मॉडेलला दाखवली, पाच मुद्दाम झाकून ठेवली. मग झाकलेल्या वर्षांचा पाऊस आणि थंडी फक्त सांगितली आणि विचारलं, बोल, काय पिकलं? २००३ च्या दुष्काळाचं त्यानं जे उत्तर दिलं, ते तुमच्या रजिस्टरच्या इतकं जवळ होतं की मॅडमनी मलाच विचारलं, "तुम्ही आधी पाहिलं नव्हतं ना हो?" फुलोऱ्याच्या तारखेत दोन दिवसांचाच फरक. ताई, तुमची मोजणी खरी निघाली. वर्षामागून वर्ष, खरी निघाली.

फक्त एक आकडा जुळत नाही. २०१२-१३ चा हंगाम, चौदा नंबरचा प्लॉट. लाल शाईनं खोडलेला आहे, तरी खालचं तुमचं अक्षर दिसतं. सहा किलो सहाशे.

मॅडमनी विचारलं, "हे कोणी खोडलं?"

मी म्हणालो, "तेव्हाच्या साहेबांनी. त्यांना पटलं नव्हतं."



तुमचा,
गहिनीनाथ पवार


पारनेर
९ डिसेंबर २०२४

सुमनताई,
जयभीम.

तुमचं उत्तर नाही. नसू दे. पण ही बातमी मी पोटात ठेवू शकत नाही.

चौदा नंबरचं आठवत असेलच. न आठवायला काय झालं. अर्ध्या गुंठ्याचे प्लॉट, दुष्काळाचं साल, परतीचा पाऊस आलाच नाही. शेजारच्या तेरा नंबरला अडीच किलो दाणे, पंधरालाही तेवढेच, आणि मध्ये तुमचे सहा किलो सहाशे. साहेब म्हणाले होते, हे शक्य नाही, पोती अदलाबदल झालीत नाहीतर बाईनं घरी बसून आकडा लिहिलाय. तुम्ही म्हणाला होता, "साहेब, दोनदा तोललंय. पोतं म्या सोता शिवलंय."

मॉडेलही साहेबांसारखंच बोललं. दोन फूट जमीन, खाली मुरूम, एवढ्या ओलीवर अडीच किलोच्या वर दाणा भरणार नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता यंत्रानंही तुम्हाला खोटं पाडलं. आणि खरं सांगू का, मला जरा बरंही वाटलं. ते का वाटलं ते आत्ता नाही लिहीत.

पण मॅडम वेगळ्या आहेत. त्या दिवसभर त्या एका ओळीकडे बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "काका, ज्या बाईची पंधरा वर्षांत कुठं चूक सापडत नाही, ती एकाच दिवशी एवढी मोठी चूक करेल? मला नाही वाटत. मग चूक कोणाची? मॉडेलला आपण जमीन दोन फूट सांगितलीय. ती तुम्ही मोजली होती का?"

मी म्हणालो, "चौदा नंबर चिंचेकडं आहे, त्या बाजूला नव्हती मोजली. ह्या बाजूची मोजली, तीच सगळीकडे लिहिली."

"मग चला खणू."

चार माणसं घेऊन चिंचेकडच्या तुकड्यावर गेलो. खुणेचे दगड अजून आहेत. आधी तेरा नंबरवर खड्डा घेतला. दोन फुटांवर पहार ठणकन वाजली, मुरूम. मग चौदावर. दोन फूट झाले, काळी माती. तीन झाले, काळीच. मजूर म्हणाला, "मॅडम, हितं काय पुरलंय का?" चार फूट. पाच फुटांवर पहिला दगडगोटा लागला, तोही गुळगुळीत, पाण्यातला. मॅडमनी तो हातात घेतला आणि खड्ड्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "काका, इथून कधी ओढा जात होता?"

कानिफनाथ मिस्त्रींना घेऊन आलो. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, पण डोकं शाबूत. केंद्र होण्याआधी ती जमीन त्यांच्या चुलत्यांची. त्यांनी काठीनं रेघ ओढून दाखवली, "हितनं व्हगळ हुती. सपाटीकरनात बुजवली. लई गाळ हुता तिच्यात." रेघ बरोब्बर चौदा नंबरमधून गेली. तेरा आणि पंधरा कोरडे राहिले.

ताई, प्रयोग त्या तुकड्यावर शेवटची तीनच वर्षं होता आणि आधीच्या दोन वर्षांत पाऊस बरा होता, म्हणून सगळे प्लॉट सारखे दिसले. दुष्काळ पडला तेव्हाच खालच्या गाळानं ओल दिली. ते कोणाला दिसलं नाही. तुमच्या काट्याला दिसलं.

दुपारी मॅडमनी मॉडेलमध्ये चौदा नंबरला जमीन पाच फूट लिहिली. बाकी काही बदललं नाही. उत्तर आलं, सहा किलो चारशे.

मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दोनशे ग्रॅमचा फरक! काका, बारा वर्षं ही बाई बरोबर होती." मग मला म्हणाल्या, "तुम्हाला आनंद नाही झाला?"

मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. आनंद झाला होता ताई. तुमचा एवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता. पण त्याबरोबर दुसरंही काही होतं.

तुमच्या आकड्यावरून झालेल्या चौकशीत मी जे सांगितलं, ते तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो होतो, मी हजर होतो आणि पोती सरमिसळ झाली असावीत. मी चुकीचं बोललो. माझा समज तसा झाला होता.

गहिनीनाथ


पारनेर
६ जानेवारी २०२५

सुमनताई,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी आहेत, पाठ झाल्यात.

"गहिनीनाथ पवार यांस. आकडा बरोबर होता हे मला बारा वर्षं ठाऊक आहे, त्यासाठी कॉम्प्युटर लागला हे वाचून हसू आलं. समज झाला होता असं लिहू नका. त्या दिवशी तुम्ही कुठं होता ते लिहा."

लिहितो.

१८ फेब्रुवारी २०१३, सोमवार. सकाळी हजेरी लावली. वजनाच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही लागते. मी तुम्हाला कोऱ्या कागदावर सही करून दिली आणि म्हणालो, "ताई, तुमी तोला, मी आलोच." आणि मोटरसायकल काढून पारनेरच्या बाजारात गेलो. माझ्या रानातला कांदा त्या दिवशी लिलावाला होता. भाव पडेल म्हणून जीव वर-खाली होत होता. परत आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. तुम्ही सगळी पोती तोलून, शिवून, ओळीनं लावून ठेवली होती. तुम्ही मला पाणी दिलं होतं. तेही आठवतं.

नंतर आकड्यावरून बोंब झाली. साहेबांनी मला खोलीत बोलावलं. "पवार, सही तुमची आहे. तुम्ही पाहिलं का?" तेव्हा दोनच उत्तरं होती. नव्हतो म्हणालो तर ड्युटी सोडून गेलो आणि कोऱ्या कागदावर सही केली, दोन्ही गुन्हे. होतो आणि आकडा खरा म्हणालो तर साहेबांच्या विरुद्ध उभं राहायचं, आणि ते खोदून विचारणार, कधी तोललं, कोणासमोर, आधी कोणतं. मी तिसरंच बोललो. होतो म्हणालो, आणि पोती सरमिसळ झाल्याचं पाहिलं म्हणालो. लिहून दिलं. सही केली.

पोती मी पाहिलीच नव्हती.

आणि ताई, एवढंही लिहितो, कारण अर्धवट लिहिलं तर तुम्ही परत कार्ड पाठवाल. तुमच्यावर ढकललं तर पुढं कोणी विचारणार नाही, हे मला तेव्हा ठाऊक होतं. रोजंदारीची बाई, त्यात तुमच्या वस्तीतली. तुमच्या बाजूनं कोण येणार होतं? माझ्यावर आलं असतं तर माझ्या घरची चार माणसं केंद्राच्या फाटकावर येऊन बसली असती. हे मी मोजलं होतं. कायम करण्याच्या यादीत तुमचं नाव होतं. ते निघालं. तुम्ही नागापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागला हे मी ऐकलं आणि ऐकून गप्प बसलो.

पत्र लिहून झाल्यावर बनुबाईला वाचून दाखवलं. माझी बायको कशी आहे तुम्हाला माहीत आहे, बोलते कमी. म्हणाली, "बारा वर्सं त्या बाईचं नाव निगालं की तुमी उठून गोठ्यात जाता. मला काय कळत न्हवतं व्हय?" मग म्हणाली, "मला वाचून काय दावताय. मॅडमला दावा."

गहिनीनाथ


पारनेर
१ फेब्रुवारी २०२५

सुमनताई,
जयभीम.

मॅडमना दाखवलं.

त्यांनी सगळं वाचलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी कागद उलटा ठेवला. मग म्हणाल्या, "काका, मला त्या दिवशी तुम्ही फक्त 'साहेबांना पटलं नव्हतं' एवढंच सांगितलं होतं. मी तो आकडा चूक समजून टाकून दिला असता तर?"

टाकून दिला असता तर काय झालं असतं, ते मला आता समजलंय. तेच तुम्हाला सांगायचंय.

चौदा नंबर पाहिल्यावर मॅडमनी तालुक्याचा नकाशा बाजूला ठेवला. त्यावर गावच्या गाव एका रंगात, जमीन दोन फूट. मॅडम म्हणाल्या, अर्ध्या गुंठ्यात एवढा फरक पडतो तर गावाला एक आकडा कसा लावायचा? मग आम्ही अकरा गावांत फिरलो, शेतोशेत पहार मारून खोली मोजली. माझे गुडघे बोलायला लागले, पण गेलो. ते सगळं मॉडेलला दिलं आणि गेल्या तीस वर्षांचा पाऊस दिला. प्रत्येक शेतात तीस हंगाम, उत्तरा नक्षत्रात पेरून एकदा आणि पंधरा दिवस उशिरा, हस्तात, पेरून एकदा. एवढी ज्वारी पेरायला आपल्याला किती जन्म लागले असते!

आणि उत्तर काय आलं? आपल्याकडे सगळे हस्ताची वाट बघतात. खोल काळीत ते बरोबर आहे. पण हलक्या जमिनीत तीसपैकी बावीस वर्षं उत्तरात पेरलेली ज्वारी पुढं राहिली, कारण हस्ताच्या पेऱ्यात दाणा भरायच्या आत खालची ओल संपते. जुन्या नकाशावर गेलो असतो तर सगळ्यांना उत्तराचीच तारीख सांगितली असती, आणि ज्यांच्या रानात खाली गाळ आहे त्यांचं नुकसान झालं असतं. मॅडम म्हणाल्या, "चौदा नंबरनं आपल्याला वाचवलं." मी म्हणालो, "चौदा नंबरनं न्हाई मॅडम. सुमनबाईंनी."

शनिवारी पंधरा तारखेला केंद्रावर शिवारफेरी आहे. अकरा गावचे लोक येणार. ज्वारी उभी आहे, ती बघतील, मग मॅडम निकाल सांगणार. मी मॅडमना म्हणालो, त्याआधी मला पाच मिनिटं माईक द्या. जे तुम्हाला लिहिलं ते लोकांसमोर बोलायचंय.

मुलानं, आदिनाथनं, डोक्याला हात लावला. म्हणाला, "आबा, तुमाला आदर्श कर्मचारी म्हणून शाल दिली हुती. आता सोताच्या हातानं ती काडून टाकणार का? गावात तोंड कसं दावायचं?" मी म्हणालो, शाल पेटीत आहे, तिला काही होत नाही.

ताई, तुम्ही या असं म्हणण्याचा मला हक्क नाही. पण मॅडम विचारतात. केंद्रावर मोजणीला नव्या मुली घेतल्यात. त्या पानं मोजतात आणि अर्धवट उमललेलं पान धरायचं की नाही यावर भांडतात. तुम्ही काय धरत होता ते मला नीट आठवत नाही. आणि रजिस्टरात ते लिहिलेलं नाही.

मला माफ करता आलं तर करा. नाही आलं तरी पंधरा तारखेला मी बोलणार आहे.

गहिनीनाथ


सावेडी
२ मार्च २०२५

गहिनीनाथभाऊ,
जयभीम.

मी आले होते हे तुम्ही पाहिलंत. पण तुम्ही मला हाक मारली नाही आणि जवळ आला नाहीत, ते चांगलं केलंत. तेव्हा मला बोलता आलं नसतं. म्हणून आता लिहिते.

मी येणार नव्हते. वृषाली म्हणाली, "आई, मी तुला स्कूटरवर नेते. फाटकावरून परत फिरायचं असेल तर फिरू." मी फाटकावरून फिरले नाही, कारण आत ज्वारी उभी होती आणि मला कणसं बघायची होती. चांगली भरलीत. पण तिसऱ्या ओळीत ताटं दाट राहिलीत, विरळणी नीट झालेली नाही. मुलींना सांगा.

आम्ही मांडवाच्या मागं उभ्या राहिलो. तुम्ही माईक घेतलात. मला वाटलं होतं आडून आडून बोलाल. तुम्ही म्हणालात, "मी गहिनीनाथ पवार. अठरा फेब्रुवारी दोन हजार तेरा, सोमवारी, मी ड्युटी सोडून बाजारात होतो. सुमनबाईंनी एकटीनं तोललं आणि खरं तोललं. मी खोटी साक्ष दिली. त्यांचं काम गेलं ते माझ्यामुळं." पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "आता कशापायी ह्ये?" तुम्ही म्हणालात, "आता न्हाई तर कवा?" आणि खाली बसलात. वृषालीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

नंतर मॅडमनी उत्तरा आणि हस्ताचं सांगितलं. लोक ऐकत होते, पण मानत नव्हते. मला लोकांचे चेहरे कळतात. मग ते फेटेवाले बाबा उठले. म्हणाले, "मॅडम, आमचा बाप हस्तावर पेरीत आला, आजा हस्तावर पेरीत आला. तुमच्या ह्या मशिनीनं कदी रान पाह्यलंय का?" सगळे हसले. मॅडम कॉम्प्युटरचं समजावून सांगायला लागल्या आणि लोक अजून हसले.

मला राहवलं नाही. कशी पुढं गेले ते कळलं नाही. माईक घेतला नाही, माझा आवाज शेतातला आहे. मी म्हटलं, "बाबा, मशिनीनं रान न्हाई पाह्यलं. म्या पाह्यलंय. हितल्या ज्वारीचं पान कोन्त्या दिवशी उमललं, पोटरी कदी फुटली, दाना कदी टणक झाला, पंधरा वर्सं वाकून मोजलंय. मशीन तेवढंच बोलती. म्या खोटं मोजलं असतं तर ती खोटंच बोलली असती. आता तुमी एकच करा. तुमच्या रानात मुरूम किती खाली हाय ते मोजा. मग हस्त का उत्तरा ते ठरवा."

बाबांनी मला विचारलं, "पहार कुटं मारायची? मदी का बांधाला?"

मी म्हटलं, "तीन ठिकानी मारा. चला, दावते."

आणि ते आले हो. ते आले, त्यांच्यामागं अजून पंधरा-वीस जण आले. मी एक्कावन्न वर्षांची असताना ज्या रानातून मला बाहेर काढलं, त्याच रानात मी पुढं आणि माणसं मागं. मी पहार धरली आणि मारून दाखवली. मुरूम लागला की आवाज कसा बदलतो, ते हाताला कसं कळतं, ते सांगितलं. मग त्यांनी मारून पाहिली. फेटेवाले बाबा दोनदा चुकले, तिसऱ्यांदा त्यांना कळलं. म्हणाले, "बाई, तुमी पुढल्या महिन्यात आमच्या वस्तीवर या. माजं धा एकर हाय, चारी कोपरे येगळे हायेत." मी म्हटलं, "येते."

वृषालीनं हे सगळं मोबाईलमध्ये घेतलंय. मुलीच्या शाळेतल्या बाईंना दाखवते, शेजारणींना दाखवते. तेरा वर्षांची होती तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "आई, तू खरंच खोटं लिहिलंस का?" आता तिची स्वतःची मुलगी शाळेत जाते. त्या दिवशी घरी येताना स्कूटर चालवता चालवता ती मोठ्यानं हसत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काय न्हाई. तू चालत होतीस ना पुढं, ते आठवलं."

माफीचं तुम्ही लिहिलंत. मला अजून सांगता येत नाही. बारा वर्षं मी पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहिले, पाय सुजायचे, आणि प्रत्येक वेळी मला तुम्ही आठवायचात. ते एका शनिवारानं जात नाही. पण तुम्ही तारीख बरोबर सांगितलीत, वार बरोबर सांगितला, आणि काही झाकलं नाही. मोजणी करणाऱ्या माणसाला याची किंमत कळते. एवढं आज लिहिते. पुढचं पुढं.

मुलींच्या भांडणाचं उत्तर, पान ताटाला जिथं चिकटतं तो गळा दिसला तरच पूर्ण धरायचं, नाहीतर अर्धं. मॅडमना मी हे फोनवर सांगितलंय. आठवड्यातून दोन दिवस केंद्रावर येणार आहे, तेही ठरलंय. कारखान्यात सांगून टाकलं.

आणि अजून एक. परवा मॅडमचा फोन आला होता. अकरा गावांच्या कामाचा अहवाल छापायला चाललाय. पहिल्या पानावर काम करणाऱ्यांची नावं येतात. मॅडम म्हणाल्या, "ताई, तुमचं नाव कसं लिहू?"

मी म्हटलं, "पूर्ण लिहा. सुमन सहादू गायकवाड." वृषालीचे वडील असते तर त्यांना आवडलं असतं.

"आणि नावापुढं? रेकॉर्डला मजूर आहे."

वृषाली शेजारीच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आई, मजूर नको."

मजूर म्हणायला मला कधी लाज वाटली नाही, आजही नाही. पण केलं काय होतं, ते लिहायला पाहिजे. मी म्हटलं, "लिहा, निरीक्षक."

मॅडमनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. मी म्हटलं, "ऐकू आलं नाही, परत वाचा."

खरं तर पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं.

सुमन सहादू गायकवाड